'तर' लिहिलं की 'गल' उमटतं

पत्र: मी घरून भाषांतराचं काम करते. निम्मा दिवस मराठी, तेही इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीत), आणि निम्मा दिवस इंग्रजी. वर्षभर मनगट करंगळीच्या बाजूला दुखतंय, म्हणून दोन तुकड्यांचा, 42 बटणांचा कॉर्ने कीबोर्ड घेतला. ओळखीतल्या एकाच्या सल्ल्यानं व्हायल या बटणांची कामं ठरवणाऱ्या प्रोग्रॅममधून त्यात कोलमॅक (इंग्रजी अक्षरांची वेगळी मांडणी) टाकला, आणि शिफ्ट, कंट्रोल वगैरे मधल्या ओळीतल्या अक्षरांवरच 'दाबून धरलं की' असे बसवले. तीन आठवडे झाले. इंग्रजीचा वेग मिनिटाला 50 शब्दांवरून 18 वर आलाय. मराठीचं काही विचारूच नका. 'तर' लिहिलं की 'गल' उमटतं, 'का' लिहिलं की दोन मात्रा एकमेकींना चिकटून येतात, मध्येच प्रिंटची नाही तर शोधाची चौकट उघडते. ड अजून सापडलेला नाही. सगळे म्हणतात सवय होईल. खरंच होते का, की विकून टाकू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: विकू नका, निदान इतक्यात नको. पण आता आहे त्या मांडणीत आणखी सरावही करू नका, कारण त्या सरावाचा काही उपयोग होणार नाही.

तुम्ही एका दमात चार बदल केलेत. कीबोर्डचा आकार बदलला, बटणं कमी केली, अक्षरांच्या जागा हलवल्या आणि शिफ्ट-कंट्रोलही हलवले. तुमच्या दुखण्याशी यातल्या मुख्यतः पहिल्याचा संबंध आहे. दुसरा थोड्या युक्तीनं निभावतो. उरलेले दोन तुमच्या कामाच्या मुळावर आलेत, आणि तिथे बोटांची चूक नाहीच.

'गल'चं कोडं आधी सोडवू. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं अक्षर संगणकातली निवडलेली भाषा बनवते. इनस्क्रिप्ट चालू असताना एलच्या क्रमांकाचा त होतो, जेचा र. आता तुम्ही कोलमॅक कीबोर्डच्या आत, म्हणजे फर्मवेअरमध्ये टाकलाय. त्यामुळे एलच्या जागेवरचं बटण आयचा क्रमांक पाठवतं आणि जेच्या जागेवरचं एनचा. इनस्क्रिप्टला आय दिसला की तो ग लिहितो, एन दिसला की ल. म्हणून 'तर'चा 'गल'. 'का' लिहिताना क म्हणून दाबलेलं बटण ई पाठवतं, त्याचा काना होतो. कान्यासाठी दाबलेलं बटण एफ पाठवतं, त्याची पहिली वेलांटी. झाल्या दोन मात्रा.

कोलमॅक क्वर्टीतली, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी मांडणीतली, 17 बटणं हलवतो आणि बाकीची जागच्या जागी ठेवतो. म्हणून 'पण', 'नवं', 'सोपं' हे शब्द तुमच्याकडे बिनचूक येत असतील आणि 'रात'चं 'लिग' होत असेल. अर्धं बरोबर, अर्धं चूक असं आलं की माणसाला आपलीच बोटं चुकताहेत असं वाटत राहतं. बोटं बरोबर आहेत. इनस्क्रिप्टच्या जागा तुमच्या हातात पक्क्या आहेत, कीबोर्ड मधल्यामध्ये त्यांची अदलाबदल करतोय.

तेव्हा व्हायल उघडा. फाइलच्या मेनूतून सध्याची मांडणी आधी संगणकावर जतन करा, म्हणजे पुढे काही बिघडलं तर परत येता येईल. मग शून्य क्रमांकाच्या लेयरवर (लेयर म्हणजे त्याच बटणांना दिलेल्या कामांचा एक थर) सगळी अक्षरं क्वर्टीप्रमाणे लावा. बदल लगेच लागू होतात, कीबोर्ड काढून पुन्हा लावायला नको. एवढ्यानं 'तर'चा 'तर' होईल.

ज्यांना इंग्रजीसाठी कोलमॅक हवाच आहे त्यांनी तो संगणकात, भाषांच्या यादीत बसवावा आणि कीबोर्ड आतून क्वर्टीच ठेवावा. मॅक आणि लिनक्समध्ये तो तयार असतो, विंडोजमध्ये वेगळा बसवावा लागू शकतो. मग भाषा बदलली की मांडणी आपोआप बदलते, इनस्क्रिप्टला धक्का लागत नाही. यात एक खोच आहे. संगणकातला कोलमॅक अर्धविरामाचं बटण ओला देतो आणि पीच्या बटणावर अर्धविराम नेतो. त्यामुळे तुमच्या चिन्हांच्या लेयरवर अर्धविराम ठेवला असेल तर तिथून ओ येईल. तिथे पी लावावा लागेल. गुगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या फोनेटिकमध्ये रोमन अक्षरं टाइप करून मराठी लिहिणाऱ्यांना मात्र यातलं काहीच करावं लागत नाही. त्यांच्या पद्धतीला फक्त रोमन अक्षर लागतं, ते कुठल्या बटणावरून आलं याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

तुम्हाला कोलमॅक हवा का? आमच्या मते नको. त्याचा फायदा तुमच्या अर्ध्याच दिवसाला मिळणार, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने इंग्रजी रखडणार. मराठीसाठी इनस्क्रिप्टची रचना मुळातच बरी आहे. मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे असल्यामुळे हात आळीपाळीनं चालतात. मनगट करंगळीकडे वळतं ते दोन्ही हात एका आखूड पट्टीवर येऊन बसतात म्हणून. अक्षरं कुठे आहेत यानं ते वळण बदलत नाही.

आता त्या अचानक उघडणाऱ्या चौकटी. मधल्या ओळीतल्या अक्षरांवर कंट्रोल-शिफ्ट बसवायची पद्धत इंग्रजीत प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांमध्ये लोकप्रिय आहे, आणि तिथे ती ठीक चालते. नेहमीच्या क्रमानं लावलं तर कंट्रोल येतो केच्या जागी, म्हणजे तुमच्या क वर. बटण ठरावीक वेळेपेक्षा जास्त दाबलेलं राहिलं, किंवा ते दाबलेलं असतानाच दुसरं बटण दाबून सोडलं गेलं, की फर्मवेअर त्याला अक्षर न मानता कंट्रोल मानू शकतं. क्यूएमके या अशा कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये ही वेळ मूळची 200 मिलिसेकंद असते. तुम्ही 'की' लिहिलंत, क सुटायच्या आत दुसरी वेलांटी दाबून सोडलीत. वेलांटी आरच्या बटणावर, तिथे तुमच्या कोलमॅकचा पी. कंट्रोल आणि पी, उघडली प्रिंटची चौकट. 'का'मध्ये कंट्रोल आणि एफ, म्हणून शोध. 'शक्य'मधला अर्धा क लिहिताना कंट्रोल आणि एस, तेव्हा फाइल गुपचूप सेव्ह होत असेल. त्याची तक्रार कोणी करत नाही एवढंच.

यावर फर्मवेअरमध्ये उपाय म्हणून सांगतात तो असा: दोन्ही बटणं एकाच हाताची असतील तर कंट्रोल मानायचा नाही, दोन वेगळ्या हातांची असतील तरच मानायचा. इंग्रजीत यानं बराच फरक पडतो, कारण तिथले भरभर येणारे जोड पुष्कळदा एकाच हाताचे असतात. इनस्क्रिप्टमध्ये नेमकं उलटं आहे. व्यंजन उजव्या हाताचं, लगेच मात्रा डाव्या हाताची, आणि हे दर अक्षराला. म्हणजे हा उपाय जिथे सूट देतो तिथेच तुमचं सगळं लेखन. वेळ 200 वरून 280 केली तरी एका बटणाच्या पोटात दुसरं दाबून सुटण्याचा प्रश्न राहतोच. मराठी टाइप करणाऱ्यांनी ही पद्धत वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मधली ओळ साधी अक्षरांची करा. कंट्रोल एच्या डावीकडच्या बटणावर ठेवा, तयार मांडणीत बहुधा तो तिथेच असतो.

शिफ्टकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला आणि नावांना शिफ्ट लागतो. मराठीत अ, आ, इ, ख, घ, थ, ध, भ, ण, ळ, श, ष, सगळे शिफ्टवाले. 'आणि' हा शब्द घ्या. आ म्हणजे शिफ्ट आणि ई, ण म्हणजे शिफ्ट आणि सी, मग नुसता एफ. तीन अक्षरचिन्हांत दोन शिफ्ट. आणि शिफ्ट सोडायला क्षणभर उशीर झाला की 'आणि'चं 'आणइ' होतं. हे सगळं करंगळीवर आलं की करंगळी आणि तिच्याकडचं मनगट दोन्ही बोलायला लागतात. तुमच्या दुखण्यात याचा वाटा असावा अशी आम्हाला दाट शंका आहे.

म्हणून शिफ्ट अंगठ्यावर आणा, आणि तोही वन-शॉट प्रकारचा. तो टिचकी मारून सोडायचा, पुढचं एकच अक्षर शिफ्टसह येतं आणि शिफ्ट आपोआप उतरतो. व्हायलमध्ये क्वांटमच्या पानावर ओएसएम या नावानं ही बटणं सापडतात, त्यातला डाव्या शिफ्टचा घ्या. 'आणि' मग असा होतो: टिचकी, ई, टिचकी, सी, एफ. अंगठा उचलल्यावरच अक्षर दाबायचं, हे पहिले काही दिवस मुद्दाम सांभाळा. दाबून धरला तर तो साध्या शिफ्टसारखाच वागतो आणि 'आणइ' परत येतो. चुकून टिचकी पडली तर ती आपोआप विरावी म्हणून सेटिंगमध्ये वन-शॉटची मुदत 1500 ते 2000 मिलिसेकंद ठेवा. ऑटो शिफ्ट नावाची एक सोय आहे, त्यात बटण थोडं जास्त दाबलं की शिफ्टवालं अक्षर येतं. क जरा दाबला की ख, ही कल्पना मोहात पाडते. तिच्या वाटेला जाऊ नका. दमलेल्या हातानं संध्याकाळी 'काका'चं 'खाखा' व्हायला लागतं.

तुमच्याकडे अंगठ्याची सहा बटणं आहेत. आम्ही ती अशी लावू. डावीकडे, बाहेरून आत: विंडोज, चिन्हांची लेयर (दाबून धरायची), स्पेस. उजवीकडे, आतून बाहेर: वन-शॉट शिफ्ट, बॅकस्पेस, आणि शेवटचं बटण टिचकीला एंटर, दाबून धरलं की आकड्यांची लेयर. एंटर असं दुहेरी चालतो, कारण एंटरनंतर कोणी घाईघाईनं पुढचं अक्षर दाबत नाही. स्पेसवर मात्र दुसरं काहीही ठेवू नका. भरभर टाइप करताना स्पेस आणि पुढचं अक्षर एकमेकांवर चढतात, मग स्पेस गायब होते आणि तिच्या जागी एखादं भलतंच चिन्ह येतं. डाव्या खालच्या कोपऱ्यातला जुना शिफ्ट राहू द्या. सगळा मजकूर मोठ्या लिपीत लिहायचा झाला तर तो बरा पडतो. अंगठ्याची सहा बटणं मिळाली म्हणून त्यांच्यावर तीन-तीन कामं लादू नका. अंगठा तळव्याखाली आत वळवावा लागतो ते बटण कमीत कमी वापराचं ठेवायचं, नाही तर दुखणं करंगळीकडून अंगठ्याच्या मुळाशी येतं.

आता ड. इनस्क्रिप्टमध्ये पीच्या उजवीकडे ड, त्यापुढे नुक्ता आणि ञ, मग ॉ. वर शून्यापलीकडे विसर्ग आणि ृ. कॉर्नेवर पीच्या उजवीकडे एकच रांग उरते, बाकीचं सगळं लेयरवर जातं. तयार मांडणीत चिन्हांच्या लेयरवर मधल्या ओळीत एचपासून उजवीकडे हा क्रम बहुधा मिळतो: विसर्ग, ृ, ड, नुक्ता, ॉ. त्यांच्या खालच्या ओळीत याच बटणांची शिफ्टवाली रूपं, म्हणजे ऋ, ढ, ञ, ऑ. वरच्या ओळीत टीच्या जागी ज्ञ, वायवर त्र, यूवर क्ष, आयवर श्र. तिथे छापलेलं दिसेल ते टक्का, टोपी, अँड आणि तारा. इनस्क्रिप्ट चालू असताना तीच चिन्हं ही जोडाक्षरं देतात. क्ष, त्र, श्र लेयरशिवायही होतात: क, हलन्त, ष असं सरळ लिहा. एक अडचण अशी की तयार मांडणीत या लेयरचं बटण उजव्या अंगठ्यावर असतं आणि अक्षरंही उजवीकडेच. एकाच हातानं धरायचं आणि दाबायचंही, यात हात आखडतो. वर सांगितल्याप्रमाणे ते डाव्या अंगठ्यावर आणलंत की हा त्रास संपतो.

विसर्ग आणि ञ लेयरवर खुशाल राहू देत, दिवसातून कितीदा लागतात? ड चं तसं नाही. 'थोडा', 'पडतो', 'जोडून', 'मोडलं' लिहिताना दरवेळी अंगठा धरायचा म्हणजे लय तुटते. बॅकस्पेस अंगठ्यावर गेल्यामुळे पीच्या उजवीकडचं बटण मोकळं झालंय. तिथे डावा चौकटी कंस लावा. इंग्रजीत तो कंस, मराठीत ड, आणि जागाही हाताला सवयीची तीच. त्याच्या खाली ट आहे तो तसाच राहू दे. सगळ्यात खालच्या उजव्या बटणावर उलटी तिरकी रेघ लावा, तिथे ॉ मिळेल; भाषांतरात डॉक्टर, कॉलेज, ऑफिस यांच्याशी रोजच गाठ पडते. तिथला एस्केप चिन्हांच्या लेयरवर टॅबच्या जागी न्या. ृ ला लेयरवरच राहू दे, फक्त तो उजव्या तर्जनीखाली, जेच्या जागी आहे ना एवढं बघून घ्या.

भाषा बदलण्यासाठी विंडोज आणि स्पेस हे दोन्ही डाव्या अंगठ्यावर आलेत, ते एकदम दाबणं अवघड. चिन्हांच्या लेयरवर एखाद्या रिकाम्या बटणावर विंडोज-स्पेस असा जोड बसवा. विंडोजच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तोही चालू करा. वर्ड मराठीत आणि ब्राउझर इंग्रजीत राहिला की बदलाबदल निम्म्यानं घटते.

एवढं केल्यावर जे उरतं तो खरा सराव. तो दोन ठिकाणी लागेल.

पहिलं, डाव्या हाताची खालची ओळ. साध्या कीबोर्डवर खालची ओळ मधल्या ओळीपेक्षा अर्ध्या बटणानं उजवीकडे सरकलेली असते. बटणांमधलं अंतर 19 मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटरचा तिरपेपणा. कॉर्नेवर बटणं सरळ उभ्या रांगेत आहेत. म साठी मधलं बोट सवयीनं तिरकं उजवीकडे जातं आणि म च्या ऐवजी न दाबला जातो. अनुस्वाराचा म होतो. उजव्या हाताला स च्या ऐवजी स्वल्पविराम पडतो, तेही यामुळेच. ज्यांना म तर्जनीनं दाबायची सवय आहे त्यांना हे जास्त जड जातं. सरळ रांगेत तो मधल्या बोटाचा आहे.

दुसरं, मधली फट. व हे व्यंजन बीच्या बटणावर आहे आणि बी डाव्या तुकड्यावर. बाकीची पुष्कळ व्यंजनं उजवीकडे असल्यामुळे इनस्क्रिप्टवाले व सुद्धा नकळत उजव्या तर्जनीनं दाबतात. आता तिथे टेबल आहे. ब चं याच्या उलट. तो वायवर, उजव्या तुकड्यावर. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं फक्त असे शब्द लिहा: मनमानी, सामान, नमुना, मंगळ, समंजस, वेळ, विचार, नव्हता, व्यवहार, बाब, खबर, बावन्न. वेगाकडे बघू नका. शंभर अक्षरांत पाचापेक्षा जास्त चुका व्हायला लागल्या तर वेग आणखी उतरवा, कारण बोटं चूकही तितक्याच इमानदारीनं पाठ करतात. बटणांकडे खाली बघायचं नाही. मांडणीचं चित्र छापून पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवा.

पैशाचं काम पहिला आठवडा जुन्याच कीबोर्डवर करा, नव्यावर सकाळी 20 मिनिटं आणि संध्याकाळी 20. दुसऱ्या आठवड्यात इंग्रजी ईमेल नव्यावर. तिसऱ्यात मराठीचा पहिला खर्डा नव्यावर, शेवटचा हात जुन्यावर फिरवला तरी चालेल. अक्षरं क्वर्टीच राहिल्यामुळे दोन्हींवर आलटून पालटून काम केल्यानं गोंधळ होत नाही. आकाराची सवय साधारण दोन ते चार आठवड्यांत होते. मोजायचं असेल तर आपल्याच जुन्या भाषांतराचं एक पान घ्या, पाच मिनिटं उतरवा, शब्द आणि चुका दोन्ही लिहून ठेवा. महाराष्ट्रातल्या सरकारी टंकलेखन परीक्षेत मराठीचा पहिला टप्पा मिनिटाला 30 शब्दांचा आहे. तेवढा वेग जवळपास विनाचूक आला की जुना कीबोर्ड कपाटात टाकायला हरकत नाही.

हे सगळं करूनही तुकडे टेबलावर चुकीचे ठेवले तर मनगट दुखतच राहील. दोन्ही तुकडे जवळजवळ जोडून ठेवलेत का? तसं असेल तर पैसे फुकट गेले. दंड अंगाशी सैल सोडा, कोपर काटकोनापेक्षा थोडं उघडं, आणि हात सरळ पुढे जिथे पडतात तिथे तुकडे ठेवा. अंतर साधारण खांद्याइतकं येतं. सुरुवातीला लांब वाटलं तर 15 सेंटिमीटरपासून हळूहळू वाढवा. मग प्रत्येक तुकडा इतका फिरवा की कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक रेघ दिसेल. आतली कडा उचलायची असेल तर तुकडा 13-14 सेंटिमीटर रुंद असल्यानं 12 मिलिमीटर उंचीला सुमारे 5 अंश मिळतात, 24 ला 10. पाचापासून सुरू करा. मागची कडा उचलू नका, त्यानं मनगट वर मुडपतं. खाली रबरी चटई हवीच, नाही तर दिवसभरात तुकडे सरकतात आणि बोटं पुन्हा चुकतात. जागा ठरली की टेबलावर चिकटपट्टीनं खुणा करा. टाइप करताना मनगट टेकवायचं नाही. तळव्याचा आधार थांबल्यावर. माउस उजव्या तुकड्याला अगदी लागून ठेवा, आकड्यांचा पट्टा गेल्यानं तेवढी जागा मिळालीच आहे.

तुकड्यांमधली वायर गोल हेडफोनसारख्या पिनेची असेल तर यूएसबी चालू असताना ती कधीही काढू-घालू नका. पिन आत सरकताना तिचे भाग क्षणभर भलत्या ठिकाणी टेकतात आणि आतली चिप जळू शकते. आधी यूएसबी काढा, मग ती. नवी वायर घेताना पिनेवर तीन काळ्या पट्ट्या मोजून घ्या. दोन पट्ट्यांची हेडफोनची वायर बसते, पण तिच्यानं दुसरा तुकडा चालेलच असं नाही.

दुखण्याबद्दल सरळ सांगतो. वर्षभर दुखणारं मनगट एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवाच. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं रात्री बधिर होत असतील, करंगळी-अनामिकेत मुंग्या येत असतील किंवा हातातून वस्तू सुटत असतील, तर आठवडाही थांबू नका. कीबोर्डनं ताण कमी होतो, दबलेली नस मोकळी होत नाही.

विकण्याचा प्रश्न महिन्यानं बघा. तेव्हा वेग आलेला असेल पण ृ, विसर्ग आणि आकड्यांसाठी लेयर धरायचा कंटाळा गेलेला नसेल, तर दोष 42 बटणांचा आहे. मग हा विकून सोफ्ले किंवा लिली58 यांसारखा 58 बटणांचा घ्या. त्यात आकड्यांची ओळ परत मिळते, अंगठ्याला जास्तीची बटणं असतात, आणि वर सांगितलेली मांडणी जवळपास तशीच नेता येते. रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरच्या) मांडणीत लिहिणाऱ्या वाचकांनी तर 42 च्या फंदात पडूच नये. त्यात आकड्यांच्या ओळीसकट जवळपास प्रत्येक बटणाला शिफ्टसह आणि शिफ्टविना काम असतं. त्यांनी थेट 58 पासून सुरुवात करावी.